सीमेवरचा जवान आणि घरचे करारमदार

बेळगाव, खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यातील अनेक घरांत सैन्यसेवेची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बेळगाव येथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, इंदूरनजीक महू येथे पायदळाचे विद्यालय आहे आणि सिकंदराबादेस लष्कराची जुनी, विस्तीर्ण छावणी आहे. त्यामुळे या पत्रिकेच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरातील मुलगा, भाऊ किंवा पती आज सैन्यात असेल. त्याच्या शौर्याविषयी व त्यागाविषयी आपण नेहमीच बोलतो. मात्र तोच जवान एक कर्जदार असतो, भाडेकरू असतो, ग्राहक असतो आणि कित्येकदा एखाद्या दाव्यातील प्रतिवादीही असतो, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही.

गेल्या वर्षी माजी सैनिकांच्या एका तालुका मेळाव्यास माहितीपत्रके घेऊन जाण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. मेळावा संपता संपता एक वयस्क माता जवळ आली. पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढून तो वाचून दाखवावा, अशी तिने विनंती केली. ते दिवाणी न्यायालयाचे समन्स होते. तिच्या मुलाने बदलीपूर्वी शेतीच्या एका यंत्रासाठी हप्त्याने कर्ज घेतले होते. यंत्र नादुरुस्त निघाले, त्यावरून विक्रेत्याशी वाद झाला व काही हप्ते थकले. मुलगा उत्तरेकडील उंचावरच्या ठाण्यावर होता. त्यास उगीच काळजी नको म्हणून मातेने तो कागद शिधापत्रिकेसोबत ट्रंकेत ठेवून दिला होता. न्यायालयाची तारीख केव्हाच उलटून गेली होती.

अशी घटना एकाच घरात घडते असे नाही. म्हणूनच देशरक्षणासाठी दूर असलेल्या सैनिकास त्याच्या करारमदारांच्या व दाव्यांच्या बाबतीत कायद्याने कोणते संरक्षण दिले आहे, ते कसे मिळवावे आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याची माहिती सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे.

जुन्या कायद्याची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात लक्षावधी भारतीय सैनिक समुद्रापलीकडे गेले. मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात लढले, कूतच्या वेढ्यात सापडले आणि १९१६ मध्ये तेथील शरणागतीनंतर युद्धकैदीही झाले. इकडे गावात मात्र सावकाराचे व्याज थांबले नव्हते, भाऊबंदांचे जमिनीचे तंटे थांबले नव्हते आणि न्यायालयांच्या तारखाही थांबल्या नव्हत्या. जो माणूस हजर राहूच शकत नाही, त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा करणे हा न्याय नव्हे, ही जाणीव त्यातून दृढ झाली. १९१८ मध्ये यासंबंधी एक कायदा झाला. पुढे त्यात सुधारणा करून व तरतुदी एकत्र करून ‘भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५’ हा कायदा करण्यात आला. शंभर वर्षे उलटून गेली तरी तो आजही अमलात आहे. त्याची कलमे थोडी आहेत व भाषा जुनी आहे, पण त्यामागील तत्त्व सरळ आहे. कर्तव्यापोटी जो गैरहजर आहे, त्याची गैरहजेरी त्याच्याविरुद्ध वापरली जाऊ नये.

१९२५ चा कायदा काय सांगतो ?

हा कायदा सैन्यदलांच्या कायद्यांना अधीन असलेल्या व्यक्तींसाठी आहे. त्याचे संरक्षण प्रामुख्याने ‘विशेष परिस्थितीत’ किंवा ‘युद्धपरिस्थितीत’ सेवा करणाऱ्या सैनिकास मिळते. प्रत्यक्ष युद्ध, समुद्रापलीकडील सेवा, तसेच केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारे ठरवून दिलेली ठिकाणे व परिस्थिती यांचा त्यात समावेश होतो. आपला मुलगा ज्या ठिकाणी आहे ते ठिकाण यात मोडते की नाही, हे कुटुंबीयांनी स्वतः ठरविण्याचे कारण नाही. ते प्रमाणित करण्याचे काम विहित लष्करी अधिकाऱ्याचे आहे.

कायद्यातील महत्त्वाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत :

(१) दावा, अर्ज किंवा अपील दाखल करणाऱ्यास आपला प्रतिपक्ष विशेष परिस्थितीत सेवा करणारा सैनिक आहे असे मानण्यास कारण असेल, तर ती गोष्ट त्याने दाव्यातच नमूद केली पाहिजे. ती दडवून ठेवता येत नाही.

(२) आपल्या जिल्ह्यात राहणारा किंवा मालमत्ता असणारा एखादा सैनिक चालू दाव्यात हजर राहू शकत नाही असे जिल्हाधिकाऱ्यास वाटले, तर जिल्हाधिकारी तसे न्यायालयास प्रमाणपत्राद्वारे कळवू शकतात. ही तरतूद फार मोलाची आहे, कारण जवानाच्या वृद्ध मातापित्यांना न्यायालयाची वाट ठाऊक नसली तरी जिल्हाधिकारी कचेरीची वाट ठाऊक असते.

(३) असे प्रमाणपत्र आल्यास, किंवा न्यायालयास स्वतःहून तसे वाटल्यास, आणि त्या सैनिकातर्फे रीतसर अधिकार दिलेला कोणी हजर नसल्यास, न्यायालय ते कामकाज तहकूब करते व विहित लष्करी अधिकाऱ्यास नोटीस पाठविते. सैनिकाचे हितसंबंध दुसऱ्या पक्षकाराच्या हितसंबंधांशी एकरूप असून त्यांची बाजू पुरेशी मांडली जात असेल, किंवा ते केवळ नाममात्र असतील, तर मात्र न्यायालयास तहकुबी न देण्याची मुभा आहे.

(४) सैनिक विशेष परिस्थितीत सेवा करीत आहे व न्यायाच्या दृष्टीने तहकुबी आवश्यक आहे, असे लष्करी अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यास न्यायालयाने सैनिकापुरते कामकाज पुढे ढकललेच पाहिजे. ठरलेल्या मुदतीत असे प्रमाणपत्र न आल्यास मात्र न्यायालय पुढे जाऊ शकते. म्हणून पलटणीशी पत्रव्यवहारात दिरंगाई होता कामा नये.

(५) सैनिक अशा सेवेत असताना त्याच्याविरुद्ध हुकूमनामा किंवा आदेश झालाच, तर तो रद्द करण्यासाठी सैनिकास अर्ज करता येतो. सैनिक हयात नसल्यास त्याच्या कायदेशीर वारसास हा अधिकार आहे. या अर्जाची मुदत ९० दिवसांची आहे. समन्स रीतसर बजावले गेले नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाल्या दिवसापासून ती मोजली जाते.

(६) सैनिकाने स्वतः दावा किंवा अर्ज करावयाचा असेल, तर मुदत मोजताना त्याच्या विशेष परिस्थितीतील सेवेचा काळ वगळला जातो. सेवेत असताना त्याचा मृत्यू झाल्यास, मृत्यूच्या दिवसापासून वारसास अधिकृत वार्ता पाठविली जाईपर्यंतचा काळही वगळला जातो. अग्रक्रयाच्या हक्काच्या दाव्यांना मात्र यात अपवाद केलेला आहे.

समन्स, मुखत्यार आणि पगार

याखेरीज नेहमीच्या दिवाणी प्रक्रिया संहितेतही सैनिकांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. प्रतिवादी सैनिक असेल तर समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे बजावणीसाठी पाठवावे, असा नियम आहे. समन्स घरी आले असेल व जवान पलटणीत असेल, तर ही बाब न्यायालयाच्या नजरेस आणून देणे योग्य ठरते.

ज्या सैनिकास दाव्याच्या कामासाठी रजा मिळू शकत नाही, तो आपल्या वतीने दावा चालविण्याचा किंवा बचाव करण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीस लेखी देऊ शकतो. हे अधिकारपत्र त्याने कमांडिंग ऑफिसर किंवा संहितेत सांगितलेल्या अधिकाऱ्यासमक्ष सही करून द्यावयाचे असते. अधिकार मिळालेली व्यक्ती स्वतः हजर राहू शकते किंवा वकील नेमू शकते. संहितेच्या अठ्ठाविसाव्या आदेशातील ही सोय अत्यंत उपयुक्त असूनही फारच थोड्या कुटुंबांना ठाऊक आहे.

जवानास थोड्या दिवसांची रजा मिळाली असेल, तर १९५० च्या सेना अधिनियमातील बत्तिसावे कलम त्याच्या साहाय्यास येते. दाव्याच्या कामासाठी रजा मंजूर झाली आहे किंवा मागितली आहे, असे लष्करी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र दिल्यास न्यायालयाने शक्य तोवर त्या रजेच्या काळातच सुनावणी व निकाल होईल अशी व्यवस्था करावयाची असते.

याच अधिनियमानुसार दिवाणी किंवा महसूल न्यायालयाच्या हुकूमनाम्यापोटी सैनिकाचा पगार व भत्ते जप्त करता येत नाहीत, त्याची शस्त्रे व साधनसामग्रीही जप्त करता येत नाही आणि निव्वळ कर्जापोटी त्यास अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमातही पगारभत्त्यांच्या जप्तीस मनाई आहे. तथापि येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. न्यायालयाची जप्ती वेगळी आणि जवानाने स्वतःच्या सहीने बँकेस दिलेली हप्ता कापण्याची अनुज्ञा वेगळी. अशी अनुज्ञा दिलेली असल्यास खात्यातून हप्ता जातच राहील. ‘सैनिकाचा पगार कोणी धरू शकत नाही’ या समजुतीवर विसंबून कोणी निर्धास्त राहू नये.

ग्राहक म्हणून सैनिकाचे हक्क

यंत्र नादुरुस्त निघाले, विम्याचा दावा अकारण नाकारला गेला, घर बांधणाऱ्याने ताबा दिला नाही, अशा प्रसंगी न्यायालयात खेचले जाण्याची वाट पाहण्यापेक्षा स्वतः तक्रार करणे श्रेयस्कर असते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातील काही तरतुदी सैनिकासाठी खास केलेल्या नसल्या तरी त्याच्या गरजेस नेमक्या उतरणाऱ्या आहेत.

पूर्वी सामान्यतः ज्या ठिकाणी विक्रेत्याचे कार्यालय असेल किंवा तक्रारीचे कारण घडले असेल तेथेच जावे लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. तक्रारीचा निर्णय प्रतिज्ञापत्रे व कागदपत्रे यांच्या आधारे होतो. पुरेसे कारण दाखविल्यास आयोग दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची परवानगी देऊ शकतो. तक्रार संगणकाद्वारेही दाखल करता येते आणि दिलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावयाची असते. विलंबाचे सबळ कारण असेल तर आयोग तो क्षमापित करू शकतो. दुर्गम ठाण्यावरील सेवा हे असे कारण म्हणून मांडावयाचे असल्यास त्यासोबत पलटणीचे पत्र जोडावे. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ हा आहे.

या अधिनियमाने ‘अनुचित करार’ ही कल्पनाही प्रथमच स्पष्ट शब्दांत मांडली. अवाजवी अनामत मागणे, करारभंगाबद्दल प्रत्यक्ष हानीच्या मानाने भरमसाट दंड लावणे, योग्य तो आकार देऊनही मुदतपूर्व कर्जफेड स्वीकारण्यास नकार देणे, वाजवी कारण नसताना एकाच पक्षास करार मोडण्याचा अधिकार ठेवणे, यांसारख्या अटींचा त्यात अंतर्भाव होतो. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, तर राज्य आयोगाकडे करावी लागते.

घरभाड्याच्या बाबतीत राज्याराज्यांचे कायदे भिन्न आहेत. उदाहरणार्थ, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या तेविसाव्या कलमात सैन्यदलातील व्यक्तीस स्वतःच्या निवासासाठी आपली जागा भाडेकरूकडून परत मिळविण्याची विशेष सोय आहे. आपले घर ज्या राज्यात आहे, तेथील कायदा पाहूनच पाऊल उचलावे.

अन्यत्र काय आहे ?

या प्रश्नाकडे इतर देश कसे पाहतात, हे समजून घेणेही उद्बोधक आहे. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या काळातच, १९१८ मध्ये, सैनिक व नाविकांच्या दिवाणी दायित्वांविषयी कायदा झाला. तो १९४० मध्ये नव्याने करण्यात आला व २००३ मध्ये त्याचे आधुनिक स्वरूप सिद्ध झाले. तेथेही न्यायालयीन कामकाजास तहकुबी आहे, आणि एकतर्फी निकाल मागणाऱ्यास प्रतिवादी सैन्यात आहे किंवा नाही याविषयी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. परंतु तो कायदा न्यायालयाच्या दाराशी थांबत नाही. तो प्रत्यक्ष करारात शिरतो. सेवेत येण्यापूर्वी घेतलेल्या कर्जावर सेवाकाळात सहा टक्क्यांहून अधिक व्याज आकारता येत नाही. ९० दिवस किंवा त्याहून अधिक काळासाठी मोहिमेवर जाण्याचे आदेश आल्यास घराचा भाडेकरार व दूरध्वनीचा करार, आणि १८० दिवसांच्या मोहिमेसाठी मोटारीचा भाडेकरार, मुदतीपूर्वी संपविण्याचा हक्क सैनिकास मिळतो.

आपल्याकडील १९२५ च्या कायद्यात व्याजाची मर्यादा नाही, तसेच चालू करार केवळ बदलीच्या कारणाने संपविण्याचा सर्वसाधारण हक्कही नाही. ही उणीव जोवर आहे, तोवर सैनिकाने करार करतानाच सावध राहणे हाच व्यवहार्य उपाय होय. भाडेकरार लिहिताना बदलीचा आदेश आल्यास एक महिन्याच्या सूचनेने करार संपविता येईल, अशी अट घालून घ्यावी. घरमालक सहसा त्यास नकार देत नाहीत. मात्र तोंडी आश्वासनावर विसंबू नये, अट कागदावर असावी.

संरक्षणाच्या मर्यादा

कोणत्याही कायद्याची माहिती देताना त्याच्या सीमा सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. पहिली गोष्ट अशी की, तहकुबी म्हणजे कर्जमाफी नव्हे. मुद्दल कायम राहते व करारानुसार व्याजही चालू राहते.

दुसरी गोष्ट, १९२५ चा कायदा दिवाणी व महसूल न्यायालयांपुरता आहे. हप्त्यापोटी दिलेला धनादेश न वटल्यास होणारी कारवाई फौजदारी स्वरूपाची असते, तिला हे कवच लागू पडत नाही. म्हणून मोहिमेवर जाण्यापूर्वी पुढील तारखांचे कोरे किंवा सही केलेले धनादेश कोणाकडे आहेत, याची नोंद अवश्य घ्यावी.

तिसरी गोष्ट, गहाण घरावरील कर्ज थकल्यास बँका २००२ च्या सरफेसी कायद्यान्वये प्रथम न्यायालयात न जाताही वसुली सुरू करू शकतात. त्यापूर्वी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ही नोटीस आल्यास तहकुबीची वाट पाहत न बसता त्याच मुदतीत बँकेस लेखी उत्तर द्यावे आणि कायदेशीर सल्ला घ्यावा.

जाण्यापूर्वी आणि गेल्यानंतर

सुटी संपवून परतणाऱ्या जवानाने एक दिवस कागदपत्रांसाठी राखून ठेवावा. कोणते कर्ज, किती हप्ता, कोणत्या तारखेस, कोणत्या खात्यातून, ही यादी स्वच्छ अक्षरात लिहून पत्नीकडे किंवा वडिलांकडे द्यावी. विश्वासू व्यक्तीच्या नावे मुखत्यारपत्र करावे, पण ते आवश्यक त्या कामांपुरतेच मर्यादित ठेवावे. सर्व व्यवहारांचे सरसकट अधिकार देणारे मुखत्यारपत्र पुढे कलहाचे मूळ ठरू शकते.

अलीकडच्या काळात बँकेचा प्रत्येक निरोप व परवलीचा क्रमांक मोबाईलवर येतो. जेथे जवानाचा दूरध्वनी चालत नाही, तेथे त्याचे खातेही जणू मुके होते. शिवाय प्रीपेड क्रमांकाचा ९० दिवस वापर झाला नाही, तर तो बंद होऊ शकतो. खात्यात किमान २० रुपये शिल्लक ठेवल्यास त्यातून आकार वजा करून क्रमांक चालू ठेवण्याची सोय आहे. शक्य असल्यास संयुक्त खाते उघडून हप्ते त्यातून जातील अशी व्यवस्था करावी.

घरी राहणाऱ्यांनी एकच गोष्ट कटाक्षाने पाळावी : न्यायालयाचा, बँकेचा किंवा वकिलाचा कोणताही कागद ट्रंकेत ठेवू नये. तो मिळाल्याची तारीख त्यावर लिहावी, त्याची एक प्रत जवानाच्या पलटणीच्या पत्त्यावर कमांडिंग ऑफिसरच्या नावे पाठवावी आणि मूळ कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तेथून जिल्हाधिकाऱ्यांकडे विनंती करता येते. वकिलाची फी परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य साहाय्य मागता येते. सैनिक कुटुंबांच्या कायदेविषयक अडचणींसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली असून सैनिक मंडळांच्या माध्यमातून असे साहाय्य पोहोचविणे हा तिचा उद्देश आहे.

मुलास काळजी वाटेल म्हणून त्यास न कळविणे, ही आईबापांची माया समजण्यासारखी आहे. परंतु या मायेपायी ९० दिवस निघून गेले, तर ज्या घरासाठी तो पगार पाठवितो त्याच घरावर हुकूमनाम्याची दरखास्त येऊ शकते. पलटणीतील अधिकाऱ्यांना अशा प्रश्नांची सवय असते. जवानाचे मन घरच्या दाव्यात गुंतलेले असू नये, यात पलटणीचेही हित असते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या मातेच्या प्रकरणात एकतर्फी हुकूमनामा होऊन दोन महिने झाले होते. तो कागद त्याच आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पोहोचला. मुलाने पलटणीतून काकांच्या नावे अधिकारपत्र पाठविले आणि मुदत संपण्यास थोडे दिवस उरले असताना हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज दाखल झाला. तो मान्य होऊन मूळ दावा पुन्हा सुनावणीस आला. यंत्रातील दोषाचे काय, हे आता दोन्ही बाजू ऐकून ठरेल. निकाल कोणाच्याही बाजूने लागो, जवानाचे म्हणणे न ऐकता तो लागणार नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्याने इतकेच अभिवचन दिले आहे, आणि ते पदरात पाडून घेण्यासाठी घरच्या माणसांनी वेळीच एक पाऊल उचलणे आवश्यक आहे.